कोयत्याचा प्रवास कोण मोजणार?

(बीड येथील परिसंवादात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वाहतुकीवर संशोधन करतो. ‘कार्बनमुक्त वाहतूक’ म्हटलं की डोळ्यांसमोर विजेची मोटार येते. बीडमध्ये बोलताना मला मात्र आधी वेगळंच विचारायचं आहे: आपला प्रवास कुणी मोजला आहे का?

या विषयातले अभ्यासक तीन शब्द वापरतात: टाळा, बदला, सुधारा. अनावश्यक प्रवास टाळा. खासगी गाडीऐवजी रेल्वे, बस, सायकलकडे वळा. मग उरलेली वाहनं सुधारा, म्हणजे डिझेलच्या जागी वीज आणा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पण चर्चा नेहमी तिसऱ्या शब्दापासून सुरू होते, कारण तिथे नवीन काहीतरी विकता येतं.

२०११ च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारलं गेलं. कारने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी निघाले. पायी आणि सायकलने जाणारे मिळून एक-तृतीयांशाहून जास्त होते. पण हा प्रश्न शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातल्या लोकांना विचारलाच नव्हता. म्हणजे या जिल्ह्यातले बहुसंख्य कष्टकरी त्या तक्त्यात नाहीतच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, लेकरं, आणि त्यावर माणसं बसलेली. कारखान्यावर पोचल्यावर अनेक जण बैलगाडीने ऊस वाहतात. बैलगाडीला डिझेल लागत नाही, कागदावर ती आदर्श वाहतूक ठरेल. पण तो वाचलेला कार्बन बैलाच्या मानेवर आणि मोळी वाहणाऱ्या बाईच्या कमरेवर लादलेला असतो. गरिबीमुळे कमी झालेल्या धुराला मी शाश्वत विकास म्हणणार नाही.

आता रेल्वे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ ला. बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, परळीचा टप्पा तेव्हाही बाकी होता. या तीस वर्षांत लोक थांबून राहिले नाहीत. ज्याला जमलं त्याने मोटारसायकल घेतली, बाकीचे काळ्या-पिवळ्या जीपला लटकले. घरात एकदा गाडी आली की माणूस सहसा सार्वजनिक वाहनाकडे परतत नाही. उशिराची किंमत अशी धुरातही मोजावी लागते.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. विजेवरची पहिली ‘शिवाई’ही १ जून २०२२ ला त्याच मार्गावर सुरू झाली. आनंद आहे. पण धारूर, शिरूर कासारच्या वाडी-तांड्यांवर बस विजेची की डिझेलची हा प्रश्न नाही. बस येते का, हा प्रश्न आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. चांगला निर्णय. पण कॉलेज सुटल्यावर गावाकडची गाडीच नसेल, तर सवलत घ्यायची कुठे? मग घरचे म्हणतात, राहू दे शिक्षण. भरलेली डिझेल बससुद्धा चाळीस मोटारसायकलींपेक्षा कमी धूर सोडते आणि मुलीला बारावीच्या पुढे नेते.

एक गोष्ट आपल्या मोहल्ल्यांची. किती घरं गॅरेज, ड्रायव्हिंग, वेल्डिंगवर चालतात, हे तुम्ही जाणता. विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो, इंजिन ऑईल नसतं. मिस्त्रीचं निम्मं काम जाईल. बदल थांबवा असं मी म्हणत नाही. हातात पाना धरलेल्या पोराला बॅटरीचं काम शिकवा, आणि तो दहावी नापास असला तरी शिकवा. शिवाय चार्जिंगची वीज परळीसारख्या कोळशाच्या केंद्रातून येणार असेल, तर धूर फक्त जागा बदलेल, हेही लक्षात ठेवा.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. २०२७ च्या जनगणनेत प्रवासाचा प्रश्न शेतमजुरालाही विचारा. ऊसतोड कामगारांना ट्रॉलीऐवजी एसटीने न्या, आणि खर्च कारखान्यांनी उचलावा. कॉलेजच्या वेळेला बस द्या. आयटीआयमध्ये गॅरेजवाल्यांसाठी संध्याकाळचे वर्ग काढा.

या चार मागण्या घेऊन आपण एसटी आगारात, पंचायत समितीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ शकतो. जाताना आपल्या गावात बस किती वाजता येते आणि किती वेळा येतच नाही, याची महिनाभराची नोंद वहीत लिहून न्या. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.