दोन सीमारेषांमधला रहिवासी



निसर्गरक्षणासाठी सिंधुदुर्गात शासनाने आखलेल्या दोन सीमारेषा आपल्या परिचयाच्या आहेत. १९८७ साली मालवणच्या समुद्रात सुमारे २९.१२ चौ. कि.मी.चे सागरी अभयारण्य घोषित झाले. २०२० साली दोडामार्ग तालुक्यातील तिलारीचे २९.५३ चौ. कि.मी. वनक्षेत्र संवर्धन राखीव ठरले. एक रेषा सागराची, दुसरी अरण्याची. परंतु सह्याद्री आणि सागर यांना जोडणाऱ्या नद्यांचे काय? त्यांच्या काठावर संसार थाटणारे पाणमांजर या दोन्ही रेषांच्या बहुतांशी बाहेरच राहिले आहे.

पाणमांजर म्हणजेच ऊद. झाडावर वावरणारे उदमांजर निराळे. तुळतुळीत केसांचे पाणमांजर कुटुंबाने राहते, एकत्र मासेमारी करते. त्याची शिकार पाण्यात होत असली, तरी त्याचे घर जमिनीवर असते. खडकांच्या कपारी, वृक्षमुळांखालची बिळे येथे पिल्ले वाढतात. अंग कोरडे करण्यासाठी वाळूचा निवांत पट्टा लागतो. ठरावीक जागी पडणाऱ्या, माशांच्या खवल्यांनी भरलेल्या विष्ठेवरून अभ्यासक त्याचा वावर ओळखतात. म्हणजे नकाशावर ज्याला क्षेत्रफळही नसते, ती काठाची अरुंद पट्टी हेच त्याचे सर्वस्व होय.

नेमकी हीच पट्टी आज संकटात आहे. मालवणच्या उत्तरेस गड नदीची कालावल खाडी आणि दक्षिणेस कर्ली, दोन्हींकडे वाळूउपशाचा प्रश्न जुना आहे. वाळू जाते तेव्हा काठही ढासळतो. कोठे दगडी बांध येतो, कोठे काठावरची झाडी तुटते. जिलेटिनचा स्फोट करून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून होणारी मासेमारी तर मोठ्या माशाबरोबर पिल्लेही संपवते. तिलारीचे पाणी धरणातून पुढे गोव्यात शापोरा नावाने समुद्राला मिळते. त्या प्रवासात वनाची हद्द संपते, पाणमांजराची संपत नाही.

कायद्याचे बळ नाही असे नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला संरक्षण देतो. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारानेही त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी घातली. पण काठ गेला, तर केवळ बंदी कोणाला वाचवणार?

मच्छीमाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. पाणमांजर जाळे फाडते, मासा पळवते. हे नुकसान खरेच आहे आणि त्याची भरपाई झाली पाहिजे. परंतु मासे असतील तेथेच पाणमांजर टिकते. ज्या विषाने ते मरते, त्याच विषाने मच्छीमाराचे उद्याचे जाळे रिकामे होते. दोघांचा शत्रू एकच आहे.

आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या, तसे डोहही राखले. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी मासे आजही अभय आहेत. तेथे गावाने ठरवले आणि पाळले. सिंधुदुर्गातील प्रत्येक नदीकाठच्या ग्रामसभेने एक डोह आणि त्यालगतचा काठ असाच राखायचा ठरवला, तर अरण्य आणि सागर यांच्यामधली तिसरी रेषा शासनाची वाट न पाहता आखली जाईल. ती आखण्याचा अधिकार आणि उत्तरदायित्व काठावर राहणाऱ्यांचेच आहे.