नाचायचं कोणी?



जर्मनीतल्या वुपरटाल शहरात पिना बाउश यांनी १९७८ साली ‘कोंटाक्टहोफ’ हे समकालीन नृत्य बसवलं. त्यात माणसं पुढे येऊन दात, हात दाखवतात. जणू कांदेपोह्यांचा कार्यक्रम! ओढ, लगट, छळ, सगळं त्यात दिसतं. तेच नृत्य त्यांनी २००० साली पासष्टी ओलांडलेल्या, नर्तक नसलेल्या स्त्रीपुरुषांकडून करून घेतलं. २००८ मध्ये शाळकरी वयाच्या मुलामुलींकडून. हालचाली त्याच, पण सुरकुतलेला हात पुढे आला की प्रश्न पडतो : प्रेमाबद्दल, एकटेपणाबद्दल बोलायचा हक्क तरुण शरीरांनाच का? आपल्या गॅदरिंगमध्येही नाचणारे ठरावीकच असत. आज संध्याकाळी मात्र गुडघ्यांची सबब चालणार नाही. बसून का होईना, हात तरी हलवा!