ग्रुपची किल्ली कुणाच्या हाती?

पारावरची बैठक आता पुष्कळशी फोनमध्ये भरते. शाळेच्या पालकांचा ग्रुप, कापसाच्या भावाचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप. ग्रुप सांभाळणारा तो अ‍ॅडमिन, आणि हे पद बहुधा गुरुजींच्याच गळ्यात पडते. या अ‍ॅडमिनच्या हाती काय असते, काय नसते, एवढेच आज बोलायचे आहे.

आपल्याच भागातली गोष्ट घ्या. गोंदिया जिल्ह्यात २०१६ साली एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सभासदाने एका स्त्रीबद्दल अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून खटला अ‍ॅडमिनवरही झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी त्याच्यापुरता तो रद्द केला. न्यायालय म्हणाले, अ‍ॅडमिनला माणूस घेता येतो, काढता येतो. पण कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांनी मिळून कट केला असेल तर गोष्ट निराळी.

हे ऐकून पुष्कळ अ‍ॅडमिन निर्धास्त झाले. मला वाटते, जरा जास्तच झाले. कारण २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याने टाकलेला मजकूरही सर्वांसाठी पुसता येतो. त्यासाठी त्या मजकुरावर बोट दाबून धरायचे, की पुसण्याची खूण दिसते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला काय झाले ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे मुले पळवणारी समजून जमावाने ठार मारली. मुले पळवणाऱ्या टोळीची ती अफवा फोनांवरूनच फिरत होती. अशी अफवा ग्रुपवर आली तर ती आधी पुसा, मग चौकशी करा. गावात भडका उडालाच असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिननेच लिहावे असे काही काळ करून ठेवता येते.

आता अ‍ॅडमिन किती असावेत? एकच असला नि त्याचा फोन विहिरीत पडला तर सगळे अडते. दहा असले तर दहाही जण नवे अ‍ॅडमिन करू शकतात, ग्रुप सुरू करणारा सोडला तर एकमेकांचे पद काढूही शकतात. मग मानापमान आलेच. १९८८ साली फिनलंडात संगणकावरच्या गप्पांची आयआरसी नावाची सोय निघाली, तिथेही ऑपरेटरपणावरून भांडणे होत, बरे का! आपल्याला दोन-तीन पुरेत, आणि तेही तोंडओळखीचे नव्हेत, चांगले माहितीतले.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. ओळखीच्याच नंबरावरून निरोप येतो, "चुकून तुमच्याकडे सहा आकडे आले, जरा सांगा ना." तुम्ही भाबडेपणाने सांगता, आणि तुमचे व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या फोनवर उघडते. त्याबरोबर अ‍ॅडमिनपणही त्याच्याकडे जाते. मग गुरुजींच्या नावाने पालकांकडे पैसे मागितले जातात, आणि गुरुजींना नाही कोण म्हणणार? ते आकडे सख्ख्या भावालाही सांगू नका. शिवाय सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन नावाची सोय आहे. तिथे आपला स्वतःचा सहा आकडी पिन ठरवा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

ग्रुपमध्ये येण्याची लिंक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवू नये. ती भलत्याच्या हाती लागली असे वाटले, तर रीसेट करावी; जुनी लिंक तिथेच निकामी होते.

एक गोष्ट राहिली, ती बदलीची. गुरुजींची बदली होते, निरोप-समारंभ होतो, हजेरीपट नि कपाटाच्या किल्ल्या नव्या गुरुजींना दिल्या जातात. ग्रुपचे मात्र कुणाला सुचत नाही. आधी नव्या गुरुजींना अ‍ॅडमिन करावे, मगच आपण बाहेर पडावे. एकुलता एक अ‍ॅडमिन तसाच निघून गेला, तर ते पद आपोआप दुसऱ्याच कुणा सभासदाकडे जाते. तो सभासद एखादा पालक असायचा, आणि त्याचा फोन दिवसभर चौथीतल्या पोराच्या हातात असायचा.