आधी आखणी, मग मोबाईल

कडेगाव तालुक्यात मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज जे सांगणार आहे त्यात चूक माझीच आहे, म्हणून तीच आधी सांगून टाकते.

आमच्या एका गटाचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा. वर्षाचा मसाला लोक उन्हाळ्यात करून घेतात, तेव्हा गटाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मीच म्हणाले, “वह्या कशाला भरताय? ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घ्या, पैसे क्यूआरवर घ्या.” बायांनी ऐकलं. ऐन हंगामात सचिव वहिनींचा मोबाईल जनावरांच्या हौदात पडला. गेला तो गेलाच. सिमकार्ड पुतण्याच्या नावावर, पुतण्या नोकरीला पुण्यात. क्यूआरही त्याच्याच खात्याचा. ऑर्डर कुणाची, तिखट किती, ॲडव्हान्स कुणी दिला, काही कळेना. गिऱ्हाईक म्हणतंय “पैसे दिलेत”, आणि आपल्याकडं कागद नाही.

पोरगा सज्जन. त्यानं पै न् पै दिली. पण त्याच्या खात्यात त्याचं खोलीभाडं आणि आमचा मसाला एकत्र झालेला. हिशेब लागायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात बाया एकमेकींकडं संशयानं बघायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, “माझं नाव काढा गटातनं.” मोबाईल नवा मिळतो हो, पण असा गट पुन्हा कुठून आणायचा?

घर बांधताना गवंडी आधी फक्की टाकून पाया आखतो, मग विटा मागवतो. आम्ही विटा आधी आणल्या होत्या. मोठ्या कंपन्यांत या आखणीसाठी पगारी माणसं असतात, तिला ते आयटी आर्किटेक्चर म्हणतात. नाव भारी, पण प्रश्न आपल्या घरातलेच.

मग देवळाच्या ओसरीवर मोठा पुठ्ठा घेऊन बसलो. मिरची घेण्यापासून डबा गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कुठं कुठं काही लिहावं लागतं, ते ओळीनं मांडलं. प्रत्येकापुढं चार रकाने: कोण लिहिणार, कुठं लिहिणार, आणखी कोण बघू शकणार, आणि हे हरवलं तर काय? चौथा रकाना जवळजवळ सगळा कोरा राहिला. तो कोरा रकाना बघून सगळ्याच गप्प झाल्या.

आपल्या शेजारी, माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक आहे. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायांनी ती 1997 साली उभी केली. सभासदांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. बाया शिकल्या, परत गेल्या, आणि कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो म्हणाल्या. पुढं बँक डिजिटल झाली, तेव्हा या बायांनी पिन नंबर नको म्हटलं. नंबर कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? मग व्यवहार अंगठ्याच्या ठशाला जोडला गेला. मला यातलं हे आवडतं, की यंत्र कसं असावं ते वापरणाऱ्या बाईनं सांगितलं, विकणाऱ्यानं नाही.

नाबार्डनं 2015 साली गटांचे हिशेब संगणकावर आणायला ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, त्यात आपला धुळे जिल्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत होता. पण तिथंही आधी गटाची वही नीट लागते. वही चुकली की संगणकही चुकतो, फक्त सुबक अक्षरात.

आता आमच्या गटानं काय केलं ते. पहिलं, ठराव केला. गटाच्या कामाचं वेगळं सिमकार्ड अध्यक्ष ताईंच्या स्वतःच्या आधारवर घेतलं, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नाही. ताई बदलल्या की खात्याला जोडलेला नंबरही बदलायचा, हे ठरावातच लिहिलं. मग बँकेत जाऊन गटाच्या खात्याचा क्यूआर मागितला. दोन फेऱ्या पडल्या, पडू द्या.

ऑर्डर आधी वहीत, मग मोबाईलमधल्या तक्त्यात. रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो, आणि तो तक्ता दोघींच्या मोबाईलवर उघडतो. दोघी वेगवेगळ्या घरातल्या, हे मुद्दाम. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी मलासुद्धा. प्रत्येक घाण्याला नंबर दिला आणि तो डब्यावर टाकला. एकदा मसाल्याला वास येतो अशी तक्रार आली, तेव्हा कुठल्या दिवसाचा खोबऱ्याचा माल ते पाच मिनिटांत सापडलं. आधी असतं तर सगळा माल परत मागवावा लागला असता.

लाईट गेली, रेंज गेली तर? वही चालू राहते. कार्यक्रम कसा आखायचा तर जे बंद पडणारच आहे ते धरून.

एकानं आम्हाला बिलाचं मशीन, संगणक आणि सॉफ्टवेअर असं एकत्र विकायला आणलं होतं. आम्ही पुठ्ठा त्याच्यापुढं ठेवला. विचारलं, “यातला कुठला रकाना भरतो तुमचा संगणक? दरवर्षी पैसे किती? उद्या सोडायचं ठरलं तर आमच्या गिऱ्हाइकांची यादी आम्हाला परत मिळेल का?” तिसऱ्या प्रश्नाला तो जरा अडखळला. संगणक अजून घेतलेला नाही. पुढच्या हंगामात ऑर्डरी वहीत मावेनाशा झाल्या तर घेऊ.

काकू गटात आहेत. वहीच्या पानाचा फोटो आता त्याच काढतात.