धर्मशिक्षणावर अंकुश कोणाचा?

इंग्लंडमध्ये १९४४च्या शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांच्या शाळांतील धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरविण्याची एक रीत घालून दिली. चर्च ऑफ इंग्लंड, अन्य पंथ, शिक्षक आणि स्थानिक संस्था अशा चार समित्यांचे एकमत झाल्याविना तो संमत होत नाही. स्थलांतरित कामगारांची मुले वर्गात बसू लागली, तेव्हा १९७५ साली बर्मिंगहॅमने त्यात ख्रिस्तेतर धर्मांनाही स्थान दिले. मात्र सरकारी पैशावर चालणाऱ्या ‘अकॅडमी’ शाळांवर हा अभ्यासक्रम बंधनकारक नाही. अशा शाळा वाढल्या, तसा लोकनियुक्तांचा अंकुश सैल झाला. पैसा जनतेचा असेल, तर वर्गात धर्माविषयी काय शिकवले जाते हे विचारण्याचा अधिकारही जनतेचाच. तो निसटू देणे कोणत्याही देशातील समाजवाद्यांना परवडणारे नाही.