पदरी मूल, हाती काम
(वार्षिक संमेलनाच्या महिला विभागात केलेले भाषण)



साहाय्यक निधीचा अहवाल आपण आताच ऐकलात. कोणास किती रुपये दिले हे अहवालात येते. त्याने काय मागितले होते, हे येत नाही. त्या न येणाऱ्या भागाविषयी मला आज थोडे बोलावयाचे आहे.

सहा वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक चोवीस वर्षांची मुलगी निधीच्या समितीपुढे आली. पती अपघातात गेलेला, पदरी दोन वर्षांचा मुलगा, सासूबाई अंथरुणास खिळलेल्या आणि माहेर दूर कोकणात. त्या समितीत मीही होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे येणाऱ्या दोषाचा धनी शोधीत बसावयास नको. सहायक परिचारिका-प्रसविकेच्या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमास तिला प्रवेश मिळाला होता. तिची मागणी एवढीच होती, की सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत मुलाला सांभाळील असे एखादे घर संस्थेने शोधून द्यावे.

आम्ही तिला चहा दिला, पदराने डोळे टिपले आणि दहा हजार रुपये व एक शिवणयंत्र मंजूर केले. तरुण विधवा म्हटली, की समित्यांना शिवणयंत्र आठवते. तिला शिवता येते काय, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. संमेलनात व्यासपीठावर बोलावून तिचे छायाचित्रही काढले. त्या वर्षीची स्मरणिका मी परवा उघडून पाहिली. आम्ही सर्वजण छायाचित्रकाराकडे पाहत आहोत; ती मात्र कडेवरच्या मुलाचे निसटू पाहणारे टोपडे सावरीत आहे.

पुढे दिवाळीचा फराळ घेऊन मी तिच्या घरी गेले. शिवणयंत्र दाराआड उभे होते आणि त्यावर कपड्यांची चळत होती. शिक्षणक्रमात तिचे नऊ दिवस बुडाले होते. मूल सांभाळणारी शेजारीण गावी गेली होती आणि आणखी खाडे झाल्यास नाव कमी होईल, अशी ताकीद मिळाली होती. मी म्हणाले, "अगं, आम्हांला सांगायचे नाहीस का?" ती म्हणाली, "काकू, तेच तर सांगायला आले होते."

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही.

भगिनींनो, हा प्रश्न आजचा नव्हे. कर्वे अण्णासाहेबांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्याच आश्रमाच्या कार्यास वाहून घेतलेल्या पार्वतीबाई आठवले यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले, तेव्हा त्यांच्या पदरी लहान मुलगा होता. याच पार्वतीबाई पुढे आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी जमवू लागल्या आणि 1918 साली अमेरिकेस गेल्या. त्यांच्या धैर्याचे आपण गुणगान करतो, ते योग्यच आहे. परंतु बाया कर्वे या त्यांच्या सख्ख्या बहीण होत्या आणि बहिणीचे घर त्यांच्या पाठीशी होते, हे सांगावयाचे आपण विसरतो. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, तेही हे काम हलके समजले जाण्याच्या काळात. आज ते काम कोणी हलके मानीत नाही. पण सातच्या ठोक्याला हजर व्हावयाचे, तर घरी कोणीतरी असावेच लागते.

2017 साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे उत्तमच झाले. परंतु जी अजून शिकत आहे, किंवा जी घरोघर पोळ्या करते, तिने कोणत्या आस्थापनेचे दार ठोठवावे?

असो. आम्ही चौघीजणींनी वार वाटून घेतले. सोमवार-मंगळवार माझ्याकडे, पुढचे दोन दिवस एका निवृत्त शिक्षिकेकडे, शुक्रवार नातवंडे परदेशी असलेल्या एका आजींकडे. चौथीने शनिवार पत्करला खरा, पण तिला तो क्वचितच साधे. म्हणून शनिवारचा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही, तो दर आठवड्यास नव्याने सोडवावा लागे. मुलगा गुणी होता असेही मी म्हणणार नाही. त्याने माझ्या घरचा एक आरसा आणि दोन चष्मे फोडले. पण दोन वर्षे पार पडली. आज ती एका रुग्णालयात नोकरीस आहे.

गेल्या वर्षी ती कार्यालयात दहा हजार रुपये घेऊन आली. 1959 साली गिरगावातील सात गुजराती भगिनींनी पापडाचा उद्योग आरंभिला तो ऐंशी रुपये उसने घेऊन, दान मागून नव्हे. त्याच जातीचा हा स्वाभिमान. आपल्या वहीत मात्र परतफेडीचा रकानाच नव्हता! कारकुनाने रक्कम 'देणग्या' या सदराखाली मांडून पावती दिली. ती पावती तिने तेथेच परत केली. म्हणाली, "मी देणगी दिलेली नाही. घेतलेले पैसे परत केले आहेत. तसे लिहून द्या." अर्धा तास खल झाला आणि अखेर वहीत हाताने एक रेघ ओढून नवा रकाना पाडण्यात आला. शिवणयंत्रही तिने परत आणले आहे. ज्या भगिनीस शिवता येत असेल आणि हवे असेल, तिने चिटणीसांकडे विचारावे.

आता माझी मागणी. आपल्या ज्ञातिगृहाचे सभागृह मुहूर्ताच्या दिवसांखेरीज बंद असते आणि चातुर्मासात तर त्याचे कुलूपही क्वचित निघते. मागील अंगाच्या दोन खोल्या सकाळच्या वेळी लहान मुलांसाठी उघडून द्याव्यात. भाड्याचे उत्पन्न बुडेल, ही कोषाध्यक्षांची शंका मी ऐकली आहे. त्या दोन खोल्यांचे गेल्या वर्षी किती भाडे आले, हा आकडा त्यांनी कृपा करून आजच्या सभेपुढे ठेवावा. एक पगारी बाई आणि वार वाटून घेणाऱ्या आपण सहाजणी, एवढ्यावर काम सुरू होईल. यंदाच दोघी तरुण मातांनी माझ्याकडे विचारणा केली आहे. त्यांची नावे मी येथे सांगणार नाही आणि त्यांना व्यासपीठावरही बोलावू नये.

सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. सोमवार आणि मंगळवार यांपुढे माझे नाव लिहिलेले आहे. बाकीचे वार रिकामे आहेत, आणि शनिवारी कोण येणार हे मला सर्वांत आधी कळले पाहिजे.