सोंगाआड कोण?



साहित्याच्या व्यासपीठावरून अध्यक्षाने संगणकावर बोलावं, याला काहींची हरकत असेल. पण रूपक ही कवींची मिरासदारी कधीच नव्हती. सुईला नाक, नारळाला डोळे, घड्याळाला काटे कुणा कवीने दिलेले नाहीत. आपल्या शास्त्रकारांनी तर रूढ होऊन बसलेल्या लक्षणेचा वेगळा प्रकारच मानला. रूपक वापरून झिजलं की नुसतं नाव उरतं.

संगणकात हे फार झपाट्याने झालं. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कागद होते, फोल्डर होते, टपालाचे ट्रे होते. अमेरिकी कचेरीतलं टेबलच उचलून काचेवर मांडलेलं. आमच्या आश्रमशाळेतली मुलगी पुठ्ठ्याचं फोल्डर हाती धरण्याआधी मोबाइलमधलं उघडते. तिच्या लेखी ते रूपक नाहीच. आता तर वारं उलटं वाहतंय: परीक्षेत डोकं हँग होतं, जुनी भांडणं डिलीट करायची असतात. याने मराठी बुडेल असं मला मुळीच वाटत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. मोखाड्याच्या बोहाड्यात, देवांच्या मुखवट्यांच्या त्या उत्सवात, सोंग नाचतं तेव्हा मुखवट्याआड गावातलाच माणूस आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरी हात जोडले जातात. पडद्यावरची चित्रंही सोंगंच. मात्र इथे मुखवट्याआड काय आहे हे कुणी सांगत नाही. कचऱ्याची टोपलीच घ्या. टोपली रिकामी केली की फाइल गेली, असं आपण समजतो. साध्या हार्ड डिस्कवर यंत्र बहुधा ‘ही जागा मोकळी’ एवढीच नोंद करतं. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. जुना संगणक विकणाऱ्याने हे माहीत करून घेतलेलं बरं.

आणि क्लाउड! ढग म्हटलं की त्याला ना मालक, ना वजन, ना खर्च. प्रत्यक्षात आपले फोटो जातात ते इमारतींत, नवी मुंबईत आहेत तसल्या डेटा सेंटरांत. तिथे सर्व्हरच्या रांगा अहोरात्र वीज खातात, त्यांना गार ठेवावं लागतं, त्यासाठी अनेक ठिकाणी पाणीही लागतं. ढगाचं पाणी कुठे जातं हे मोखाड्याला वेगळं सांगायला नको. मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण इथेच, कोचाळ्याजवळ आहे. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात.

सर्व्हर हा शब्दही असाच. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लागत नाही, तेव्हा ‘सर्व्हर डाऊन’ एवढंच कानावर येतं. म्हातारी रिकामी पिशवी घेऊन पाड्यावर परतते. माणूस चुकला तर त्याच्याशी भांडता येतं. सर्व्हरशी कोण भांडणार? न समजणारा शब्द असा कुणाची तरी जबाबदारी झाकतो, आणि तिथे भाषेच्या माणसांनी गप्प बसू नये.

क्लाउडला मराठी प्रतिशब्द हवाच, असा माझा हट्ट नाही. शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. क्लाउडचा धडा घ्याल तेव्हा मुलांना तीन प्रश्न विचारा: आपला फोटो आत्ता कुठे आहे, ती जागा कोणाची आहे, आणि तिथलं विजेचं बिल कोण भरतं?